सरकारी माणूस

2023 च्या पावसाळ्यातली गोष्ट. ठाण्याच्या कॉलेजातून डोंबिवलीस घरी आलो, तो जिन्यातच शेजारचे नाना कागदांची पिशवी घेऊन उभे.

"सर, तुम्ही मराठी शिकवता ना? मग एवढे वाचून सांगा!"

नानांचा मुलगा ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीत तीन वर्षे संगणकावर बसत होता. कंत्राट संपले नि तो महिनाभर घरी होता. बेकारीचेही पैसे मिळतात, असे कोणीसे त्याला सांगितले. नानांनी ते उडवून लावले. स्वतः सरकारी पेन्शनर! "सरकारी माणसाला कसला आलाय बेकारीचा विमा?"

नानांपुरते ते खरेच होते. कायम नोकरीवाले या भानगडीत पडत नाहीत. पण मुलगा खुर्चीवर सरकारच्या बसला, तरी हजेरीपटावर कंत्राटदाराचा होता. 18,000 रुपये पगारातून दरमहा 135 रुपये, म्हणजे शेकडा पाऊण, राज्य कामगार विम्यासाठी कापलेले होते. घरात सर्वांचा समज असा की, ते कार्ड वागळे इस्टेटच्या कामगार रुग्णालयापुरते!

त्याच विम्यात 2018 पासून 'अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना' आली. ('विमा' शब्दाचे असे हाल मी परीक्षेच्या पेपरातही पाहिले नव्हते.) 2020 मध्ये तिची रक्कम रोजच्या सरासरी पगाराच्या पावपटीवरून निम्मी झाली आणि नोकरी सुटल्यावर तीस दिवसांनी मागणी करता येऊ लागली. दोन वर्षे विम्याची नोकरी हवी. शेवटच्या सहामाहीत निदान 78 दिवसांची वर्गणी हवी, आणि आधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीतही तेवढीच. मध्ये कंत्राटदार बदलला होता, म्हणून नाना धास्तावले. पण विम्याचा नंबर माणसाचा असतो, मालकाचा नव्हे. अर्जावर जुन्या मालकाची सहीही लागत नव्हती.

मी हिशेब मांडला. रोजचे 300, जास्तीत जास्त 90 दिवस. तेही जन्मात एकदाच.

"सत्तावीस हजार!" नाना म्हणाले, आणि गप्पच झाले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "महिनाभर मी त्याला जेवताना ऐतखाऊ म्हणत होतो हो."

मुलाने त्याच रात्री अर्ज भरला. नाना मात्र दारातून परत फिरले. "सर, त्याच्या लग्नाच्या माहितीपत्रकात आम्ही 'सरकारी नोकरी' छापलंय. आता तिथे काय लिहू?"

मी चष्मा पुसू लागलो.