पुढचा माणूस

रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पुढचा माणूस नेहमी रेंगाळणारा वाटतो आणि मागचा उतावळा. मधला तेवढा एकटा शहाणा! पन्नास माणसांच्या रांगेत पहिला आणि शेवटचा सोडला, तर असे शहाणे अठ्ठेचाळीस भरतात. आणि यांतला प्रत्येक जण खिडकीशी पोहोचला रे पोहोचला की मागच्या सर्वांच्या लेखी रेंगाळणारा ठरतो. तेथे गेल्यावर त्याला पिशवीची गाठ सुटत नाही, कार्ड सापडत नाही, चष्मा पुसावासा वाटतो. मघापर्यंत जो दुसऱ्याच्या नावाने बोटे मोडीत होता, तोच आता खिडकीतल्या माणसाला निवांतपणे विचारतो, "अन् साखर केव्हा येईल जी?"

दिवाळी तोंडावर आली की आमच्याकडे धानाबरोबर रांगांचेही पीक येते. साकोली तालुक्यातले आमचे सानगडी काही मोठे शहर नव्हे. जुना किल्ला, आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखणारी माणसे. पण रांगेच्या बाबतीत आम्ही कोणत्याही शहराला हार जाणार नाही. धान्याच्या दुकानापुढे रांग, बँकेपुढे रांग, धान मोजायला रांग. सणाच्या खरेदीसाठी नागपूरला गेलो, तर तेथल्या सुपरमार्केटात ढकलगाडी घेऊन रांग. तेव्हा या सदराच्या वाचकांशी यंदा रांगेविषयीच चार शब्द बोलावे म्हणतो. हा अंकही तुम्ही कुठल्या तरी रांगेत उभे राहूनच चाळीत असाल, कोण जाणे!

आधी सुपरमार्केट पाहू. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस शहरी क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या गृहस्थाने 'पिगली विगली' नावाचे दुकान काढले. गिऱ्हाइकाने आपल्या हाताने माल घ्यावा आणि बाहेर पडताना एकदम पैसे द्यावेत, अशी त्याची युक्ती. त्यापूर्वी तेथेही आपल्यासारखाच वाणी होता. वाण्याच्या दुकानात रांग अशी नसतेच. एकाचा गूळ तोलता तोलता तो दुसऱ्याची उधारी मांडतो आणि तिसऱ्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करतो. वाट पाहावी लागते, पण ती गप्पांत विरघळून जाते. नव्या दुकानाने ही सगळी वाट पाहणे उचलले आणि दाराशी नेऊन एका ओळीत उभे केले. पुढे २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका दुकानात च्युइंगमचे पाकीट काचेवरून सरकवले गेले आणि त्यावरच्या काळ्या पट्ट्या यंत्राने वाचल्या. आता हिशेब चुटकीसरशी होऊ लागला. रांग मात्र राहिली ती राहिलीच.

कारण यंत्र झटपट असले तरी माणूस माणसासारखाच असतो. नागपूरच्या त्या झगझगीत दुकानात मी रांगेतल्या माणसांचे काही नमुने पाहून ठेवले आहेत. एक बाई अशा, की सगळा माल पिशवीत भरला, बिल हातात आले, की मग पर्स शोधायला लागतात. जणू पैसे द्यावे लागतील हे त्यांना आताच कळले! एक गृहस्थ असे, की नंबर लागताच त्यांना हिंगाची आठवण होते. "जस्ट आलो" म्हणून ते जातात आणि त्यांची गाडी आपल्या छाताडावर उभी राहते. एक जण 'एकावर एक मोफत'चा वाद घालतो. आणि एक जण मोबाईल पुढे धरून उभा असतो. पैसे गेले की नाही हे दाखवणारे चक्र गरगर फिरत असते आणि त्याच्यासोबत मागच्या दहा जणांचे डोके.

अशा वेळी आपण शेजारची रांग पाहतो. ती हमखास भराभर सरकत असते. आपण तिकडे गेलो की ती थांबते. नशीब, दुसरे काय! पण हे नशीब नव्हे, साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. तीन रांगा सारख्याच असतील, तर आपली रांग सर्वांत आधी सरकण्याचा संभव तिनात एक. म्हणजे तीन खेपांपैकी दोन खेपा शेजारचा कुणीतरी पुढे जाणारच. या हिशेबाचे शास्त्रही आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ साली टेलिफोनवर किती जण एकदम बोलायला येतात याचा हिशेब मांडला आणि रांगेच्या गणिताचा पाया घातला. त्या गणिताने शिकवलेली एक गोष्ट फार सोपी आहे. खिडक्या कितीही असोत, रांग एकच ठेवावी आणि जी खिडकी मोकळी होईल तिकडे पहिल्या माणसाने जावे. मग एखाद्याला हिंग आठवला, तरी एकच खिडकी अडते, सगळी रांग नाही. आणि आपल्या मागून आलेला आपल्या आधी सुटला, ही चीडही उरत नाही.

मला वाटते, येथेच रांगेचे खरे मर्म आहे. आपण रागावतो पुढच्या माणसावर. पण पुष्कळदा विलंब असतो खिडकीचा. एक खिडकी उघडी आणि चार बंद असतील, तर पर्स शोधणाऱ्या बाईंनी घेतलेला अर्धा मिनिट आपल्याला डोंगराएवढा वाटतो. बंद खिडक्यांवर मात्र कुणी डोळे वटारीत नाही. कारण डोळे वटारायला तेथे माणूसच नसतो. पुढच्या माणसाची पाठ आयती सापडते.

तुम्ही म्हणाल, हे सुपरमार्केटचे दुखणे भरल्या पोटाचे. कबूल. आता आपल्या गावाकडच्या रांगेत चला.

रेशनच्या रांगेची आठवण आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावी. १९७२ च्या दुष्काळातली मिलो त्यांना अजून आठवते. मग घासलेटचे डबे आले. माणसांऐवजी डब्यांचीच रांग लागे आणि डब्याच्या जागी कधी दगड, कधी चप्पल. २०२० साली महामारीत जमिनीवर चुन्याची वर्तुळे आखली, तेव्हाही लोकांनी वर्तुळात चपला ठेवल्या आणि स्वतः सावलीत जाऊन बसले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य ठरले. जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळते. २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा शिधाही मिळाला होता. घरातला सण त्या पिशवीवर अवलंबून असलेली माणसे त्या रांगेत उभी होती, हे विसरून चालणार नाही.

आता धान्य घ्यायचे तर यंत्राला अंगठा द्यावा लागतो. गावात त्याला सगळे 'थम' म्हणतात. आमच्या तालुक्यातल्या एका गावी अशाच रांगेत मी उभा होतो. पुढे एक सत्तरीची आजी. तिने अंगठा ठेवला; यंत्राने नाही म्हटले. पुन्हा ठेवला, पुन्हा नाही. दुकानदार भला माणूस. त्याने तिला हात धुवायला पाणी दिले, बोट पुसायला फडके दिले, मग दुसरे बोट, तिसरे बोट. यंत्राची मान काही हलेना. मागे चुळबुळ सुरू झाली. कुणी म्हणाले, "मशीन खराब आहे." कुणी म्हणाले, "बुढीले बाजूले बसवा, आमचं तरी होऊ द्या."

आजीनेच मग हात मागे घेतला. "होऊ द्या जी त्यायचं. मी बसतो बाजूले." आणि ती पायरीवर टेकली.

येथे वाचकांनी जरा थांबावे. सबुरी म्हणून जिचे आपण इतके कौतुक करतो, ती ही अशी असते. जो सर्वांत सोशीक, तोच बाजूला बसतो. पुढचा येतो, थम देतो, धान्य घेऊन जातो. मग त्याच्या पुढचा. बाजूला बसलेल्या माणसाचा नंबर पुन्हा केव्हा, हे कुणी ठरवलेले नसते. संध्याकाळ झाली, दुकान बंद झाले, की "उद्या ये" एवढेच उरते. म्हणजे रांगेत खरे नुकसान होते ते चिडणाऱ्याचे नव्हे, न चिडणाऱ्याचे.

त्या दिवशी तसे झाले नाही. रांगेत एक बाई होती. कापणीची मजुरी पाडून आलेली. तिला तर सगळ्यांहून घाई असायला हवी. ती पुढे आली आणि मागच्यांकडे वळून म्हणाली, "आंगठा काहून उमटत नाही तिचा? रोवना करून करून घासला. आपल्याच बांध्यांत घासला ना बाप्पा!"

रांग गप्प झाली. हे खरेच होते. पावसाळ्यात चिखलात वाकून पऱ्हे लावायचे, दिवाळीच्या आगेमागे विळा धरून धान कापायचा, असे पन्नास हंगाम ज्या हाताने काढले, त्या हातावर रेषा कोठून उरणार? यंत्राला जी खूण सापडत नव्हती, ती त्या रांगेत उभ्या असलेल्या निम्म्या लोकांच्या शेतांत गेली होती.

मग उपाय निघाला. कार्डाशी जोडलेला मोबाईल आजीच्या मुलाचा होता आणि मुलगा नागपूरला कामावर. रांगेतल्याच एका पोराने त्याला फोन लावला. मुलाच्या फोनवर आकडा आला, त्याने तो वाचून दाखवला, दुकानदाराने यंत्रात घातला आणि पावती निघाली. सात-आठ मिनिटे लागली असतील. त्या सात-आठ मिनिटांत कुणी चकार शब्द काढला नाही. वेळ तर गेलाच होता. पण तो का जातो आहे हे आता सर्वांना ठाऊक झाले होते. डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ साली वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर लिहिताना हेच सांगितले होते, की कारण न कळलेला विलंब कारण कळलेल्या विलंबापेक्षा लांब वाटतो आणि अन्यायाचा विलंब न्यायाच्या विलंबापेक्षा लांब. त्यांचे लेखन त्या मजूर बाईने खचितच वाचले नसेल.

पण म्हणून सगळ्यांनाच सबुरीचा प्रसाद वाटावा, असे मी म्हणणार नाही. सावकाश माणूस वेगळा आणि घुसणारा माणूस वेगळा. "माझी एकच वस्तू आहे" म्हणत बाजूने शिरणारा, दुकानाच्या मागच्या दाराने 'आपला माणूस' म्हणून जाणारा, एकाच्या नावावर चौघांच्या पिशव्या पुढे सरकवणारा, यांच्याशी सबुरीने वागणे म्हणजे मागच्या सोशिकांचा नंबर त्यांना दान करणे. खेड्यात पंचाईत एवढीच, की घुसणारा नेमका आपल्या व्याह्यांचा भाऊ निघतो! तेव्हा भांडू नये. मोठ्याने आणि गोड आवाजात विचारावे, "काकाजी, तुमचा नंबर कोनाच्या मांगं आहे जी?" या प्रश्नाचे उत्तर भल्याभल्यांना देता येत नाही.

आणि आणखी एक रांग आहे, जिच्यापुढे सबुरीचा उपदेश करणाऱ्याने तोंड न उघडलेले बरे. ती धान खरेदी केंद्राची. २०२५-२६ च्या हंगामाला साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये ठरला. पण हा भाव मिळतो काटा झाल्यावर. गोदाम भरले की मोजणी थांबते आणि शेतकरी पोत्यांच्या थप्पीशी राखण करीत बसतो. आभाळ भरून येते, ट्रॅक्टरचे भाडे चढते, उधारीवाला दाराशी येतो. अशा वेळी व्यापारी येऊन कमी भाव सांगतो आणि दमलेला माणूस त्याला हो म्हणतो. तेथे मागच्याने पुढच्यावर चिडून काय उपयोग? दोघांचीही पोती एकाच पावसात भिजणार. तेथे सर्वांनी मिळून विचारायला हवे, की काटे किती आहेत, गोदाम केव्हा रिकामे होणार आणि आमचा नंबर कोणत्या दिवशी. ही चीड न्यायाची आहे. तिचे तोंड खिडकीकडे असले म्हणजे झाले.

बाकी साध्या गोष्टी आपल्या हातच्या आहेत. नंबर जवळ आला की कार्ड आणि पैसे काढून ठेवावेत. हिंग आधीच आठवावा. दुकानदाराने पायरीऐवजी एक खुर्ची ठेवावी. आणि बाजूला बसवलेल्या माणसाला दोन गिऱ्हाइके झाली की पुन्हा हाक मारायची, असा नेम करावा. खिडकीवाल्याने विलंबाचे कारण मोठ्याने सांगावे. याला पैसा लागत नाही.

आता भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडई सुरू होतील आणि रात्री नाटकांचे तंबू उभे राहतील. तिकिटाच्या खिडकीपुढे पुन्हा रांग लागेल. आजीबाई नातवाला कडेवर घेऊन, जावई सासऱ्यांना पुढे घालून, थंडीत शेला गुंडाळून उभे राहतील. तेथे कुणी कुणावर फारसे खेकसत नाही. नाटक रात्रभर चालायचे आहे, हे सर्वांना माहीत असते, आणि शेजारी उभा असलेला माणूसच रात्रभर आपल्या बाजूला बसणार असतो. तुम्ही कधी आलात, तर पुढच्या माणसाला धानाची खबर अवश्य विचारा. खिडकीशी पोहोचेपर्यंत ती पुरेल.