दिवा विझवला म्हणजे ऑईल आलं का?

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. राग आलाय म्हणून लिहितोय.

मागच्या आठवड्यात टोमॅटो उतरवून मार्केटहून परत येताना पिकअपचा ऑईलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. इंजिन गरम, आयडलिंगला दिवा लागतो, रेस दिली की जातो. गाडी जागेवर बंद केली. दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहिली, ऑईल बरोबर होतं. टोचन लावून गॅरेजला नेली.

पहिल्या मिस्त्रीनं सेन्सरची वायर उपटली. दिवा गेला. "सेन्सर खराब होता, आता चालवा बिनधास्त." दुसरा म्हणाला, "बेअरिंग गेलंय, इंजिन खोलावं लागेल, चाळीस हजार धरा." दोघांनीही प्रेशर मोजलं नाही!

आता हे नीट समजून घ्या. जुन्या गाड्यांत ज्याला आपण सेन्सर म्हणतो तो साधा एका वायरचा स्विच असतो. प्रेशर नसताना तो वायर बॉडीला अर्थ करतो, म्हणून दिवा लागतो. ऑईलचं प्रेशर साधारण अर्ध्या बारच्या आसपास गेलं की तो सुटतो आणि दिवा जातो. म्हणजे वायर उपटली की दिवा जाणारच, इंजिनात थेंबभर ऑईल नसलं तरी! वायर काढूनही दिवा राहिला, तर वायर कुठंतरी बॉडीला घासलीय. एवढंच त्यातून कळतं, जास्त काही नाही.

आमच्या शेजारच्या आबांच्या ट्रॅक्टरची वायर अशीच कुणीतरी काढून ठेवली होती. पुढं ड्रेन नट ढिला होऊन ऑईल सांडत गेलं, दिवा लागलाच नाही, इंजिन जाम. वाफसा आलेला, पेरणी तोंडावर आणि ट्रॅक्टर गॅरेजला. आबा अजून त्या कर्जाचे हप्ते भरतायत.

खरं काम वीस मिनिटांचं आहे. स्विच काढायचा, त्याच जागी प्रेशर गेज बसवायचा, इंजिन गरम करून वाचायचं. तिसऱ्या मिस्त्रीकडं गेज होता. आयडलिंगला सव्वा बार, दोन हजार आरपीएमला तीन. मॅन्युअलशी ताडून पाहिलं, बरोबर. स्विचच्या टोपीतून ऑईल पाझरून वायर ओली झालेली, ती त्यानंच दाखवली. साडेतीनशेचा स्विच, विषय संपला. प्रेशर कमी दिसलं असतं तर? तरी आधी ऑईल पातळ झालंय का, त्यात डिझेल उतरलंय का, चेंबरमधली जाळी तुंबलीय का ते पाहिलं असतं. इंजिन खोलणं त्याच्याही नंतर.

मिस्त्रीला शिव्या देताना आपलंही बघा हं. पान पिवळं दिसलं की युरिया टाकणारे आपणच. मुळाशी पाणी साचलंय का, हे कोण उकरून बघतो? कृषी सल्लागार मित्रांनो, फोटो बघून औषध लिहून देणारे तुमच्यातही आहेत, राग मानू नका.

सकाळी चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करायच्या आधी, लाल दिवा लागतो का बघा. लागत नसेल तर एकतर बल्ब गेलाय, नाहीतर कुणीतरी वायर काढलीय. आणि चालत्या गाडीत लागला तर "घर जवळच आहे" म्हणून रेटू नका, तिथंच बंद करा.

तुमच्या तालुक्यात गेज ठेवणारा मिस्त्री असेल तर गावाचं नाव खाली टाका. आमच्याकडं तीन गॅरेज फिरल्यावर एक सापडला.