ग्रासकटर का रुसतो?

मृगाच्या सरी चार दिवस पडल्या की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत गवत तरारते आणि बेणणीची घाई उडते. माळ्यावरचा पेट्रोलचा ग्रासकटर खाली येतो. चोक लावून दोरी ओढावी, खांदा भरून येईपर्यंत ओढावी, तरी यंत्र ढिम्म. मग ते दुचाकीवर आडवे बांधून तालुक्याच्या गॅरेजात न्यायचे. तिथे अशा यंत्रांची रांगच लागलेली असते. ‘कंपनी बोगस निघाली’ असा निकाल तोवर घरी लागलेला असतो.

बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

जाणता मिस्त्री आधी प्लग काढून बघतो. प्लग पेट्रोलने चिंब असेल, तर चोक लावून दोरी फार ओढली गेली आहे. प्लग पुसून, थोडा वेळ उघडा ठेवून काम भागते. ठिणगीच पडत नसेल, तर नवा प्लग. पण प्लग कोरडा ठणठणीत निघाला, तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतच नाही. मग टाकीतला फिल्टर आणि कार्बोरेटर उघडावा लागतो. आत बघावे तर जेटच्या केसाएवढ्या भोकात चिकट पिवळट राळ बसलेली आणि पातळ रबरी पडदा कडक झालेला. जेट तारेने कोरू नये, भोक मोठे होते; कार्बोरेटर क्लीनर मारून हवेने फुंकावे. हे सारे होते ते मागच्या हंगामात टाकीत राहिलेल्या पेट्रोलमुळे.

आणि ते पेट्रोल आता पूर्वीचे राहिलेले नाही. २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट मुळात २०३० सालासाठी होते, ते देशाने २०२५मध्येच गाठले. तेलाची आयात घटावी, उसाला दाम मिळावा, हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! पाणी वाढले की इथेनॉल त्याच्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. १:५० प्रमाण असेल तर लिटरला २० मिली. ते ऑइल वरच्या थरात राहते आणि टाकीतला फिल्टर नेमका तळातले ओढतो. असे इंजिन चालू झालेच, तर पिस्टन जाम होण्याचा धोका. न चालू होणे त्यापेक्षा स्वस्त पडते!

अमेरिकेत पाने उडवायचे ब्लोअर आणि गवत कापायची यंत्रे घरोघरी आहेत. तिथे १५ टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींपुरती परवानगी मिळाली, तेव्हा अशा छोट्या इंजिनांत ते घालायला मनाई झाली आणि तशी पट्टी पंपावर लावणे बंधनकारक झाले. छोट्या यंत्रांसाठी बिनइथेनॉलचे, ऑइल मिसळलेले पेट्रोल तिथे डब्यात विकत मिळते. आपल्याकडे चर्चा झाली ती मोटारी आणि दुचाकींच्या मायलेजची. अनेक ग्रासकटरांच्या माहितीपुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे छापलेले असते; पंपावर प्लास्टिकची बाटली पुढे करणाऱ्या शेतकऱ्याला ते कोण सांगणार? यंत्र विकणाऱ्याने सांगायला हवे, कृषी खात्याने सांगायला हवे. आणि तेल कंपन्यांनी बिनइथेनॉलचे पेट्रोल लिटर-दोन लिटरच्या डब्यांतून तालुक्याच्या गावी द्यावे. त्यासाठी चार पैसे जास्त पडले तरी बागायतदार ते देईल, कारण बेणणीला गडी मिळत नाहीत म्हणूनच त्याने यंत्र घेतले आहे.

तोवर एवढे तरी करावे. पेट्रोल महिन्याभरात संपेल इतकेच आणावे. शेवटची बेणणी झाली की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि मगच यंत्र माळ्यावर टाकावे.