जिम चालते ती न येणाऱ्यांवर

"मामा, वर्षाची फी एकदम भरली तर अर्ध्या किमतीत देतायत. भरू का?" दर जानेवारीत पुण्याहून भाच्याचा हा फोन ठरलेला. गेल्या वर्षीही भरली होती. गेला किती दिवस, ते त्यालाच आठवत नाही. वर पुन्हा "तुमच्या अमेरिकेत बघा, सगळे कसे जिमला जातात!" म्हटलं, आता एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

अरे बाबा, सगळे जात नाहीत. सगळे पैसे भरतात! या धंद्याची खरी गोम तिथेच आहे.

सुरुवात अशी नव्हती. १९६५ साली ज्यो गोल्ड नावाच्या गृहस्थाने लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागात 'गोल्ड्स जिम' काढली. बरीचशी यंत्रं त्याने स्वतःच बनवली होती. अर्नोल्ड श्वार्झनेगर इथेच घाम गाळायचा. आता गिऱ्हाईक असं रोज येणारं असलं, की सभासद वाढले तशी वजनं, बाकं, जागा सगळंच वाढवावं लागतं. त्यात पोट भरेल, पण साम्राज्य उभं राहणार नाही. गोल्डने १९७० मध्ये ती विकली. १९७७ च्या 'पंपिंग आयर्न' या माहितीपटाने जिमचं नाव जगभर झालं आणि पुढच्या मालकांनी फ्रँचायझी देऊन ते नाव विकलं. २००२ मध्ये ते भारतातही पोचलं.

खरी अक्कल लढवली ती पुढच्यांनी. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या डोव्हर गावी 'प्लॅनेट फिटनेस' सुरू झाली. महिन्याला फक्त १० डॉलर! (२०२४ मध्ये नव्या सभासदांसाठी १५ केले.) कोणी जोरात हुंकार देऊन वजन आपटलं तर भोंगा वाजतो, आणि महिन्यातून एकदा सभासदांना फुकट पिझ्झा खिलवण्याची प्रथाही यांचीच होती. जिममध्ये पिझ्झा! हसू नका, त्यामागे हिशेब आहे. २०२४ च्या अखेरीस त्यांचे सुमारे २,७०० क्लब होते आणि सभासद सुमारे १ कोटी ९७ लाख. करा भागाकार. एका क्लबला साधारण ७,२०० माणसं. क्लब साधारण २०,००० चौरस फुटांचा धरला तर माणशी जेमतेम पावणेतीन चौरस फूट. सूर्यनमस्कार सोडा, तेवढ्या जागेत दंडसुद्धा निघणार नाही. सगळे एका संध्याकाळी आले तर दारातच चेंगराचेंगरी व्हायची. ती होत नाही, कारण बहुतेक जण येतच नाहीत.

माझ्या शब्दावर जाऊ नका. डेलाविन्या आणि माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या ७,७०० हून जास्त सभासदांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये निबंध छापला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे लोक सरासरी ४.३ वेळा जात होते, म्हणजे खेपेला १७ डॉलरच्या वर. त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप १० डॉलरला पडली असती.

आता कोणी म्हणेल, आळस तुमचा, कंपनीचा काय दोष? कबूल, आळस आपलाच. आणि नेमाने जाणाऱ्याला स्वस्तात सोय मिळते, हेही खरं. त्याची फी आपण न जाणारे भरतो! पण तुमच्या आळसावर ज्याचा नफा उभा आहे, तो तुम्हाला उठवायला कशाला येईल? उलट तुम्ही सुटू नये हेच तो पाहणार. 'एलए फिटनेस' चालवणाऱ्या कंपनीवर फेडरल ट्रेड कमिशनने ऑगस्ट २०२५ मध्ये खटला भरला, तो सभासदत्व रद्द करणं अतिशय अवघड करून ठेवल्याचा आरोप करून. रद्द करणं सोपं असावं असा नियम याच कमिशनने ऑक्टोबर २०२४ मध्ये केला होता. जुलै २०२५ मध्ये अपील कोर्टाने तो कार्यपद्धतीतल्या त्रुटीवरून उडवला.

तालमीत दोन दिवस दांडी मारली तर तिसऱ्या दिवशी वस्ताद जाब विचारायचा. उगाच जुन्याचे गोडवे गात नाही. तालमीत बायकांना जागा नव्हती, ती जिमने दिली. पण न येणारा ही तालमीची नामुष्की होती. जिमची ती कमाई आहे.

इथे निदान दरमहा थोडं थोडं जातं. आपल्याकडे वर्षाचे पैसे आधीच मोजून देतात, म्हणजे रद्द करायचा प्रश्नच नाही! शिवाय कंपनी बसली तर? १९३२ पासूनचं 'तळवलकर' हे घराघरात माहीत असलेलं नाव. त्यांची कंपनी २०१० मध्ये शेअर बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिचं कर्जावरचं व्याज थकलं. जिथे बँकांचं अडतं तिथे तुमच्या आगाऊ फीची काय कथा!

तेव्हा भाचेबुवा, सूट सोडा. एका महिन्याचेच पैसे भरा. बारा वेळा गेलात तर पुढच्या महिन्याचे भरा. महाग पडेल म्हणता? न गेलेल्या अकरा महिन्यांपेक्षा स्वस्तच पडेल.