संमतीचा अंगठा, पण कोणत्या भाषेत?

श्रीलंकेत १९८७ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने सिंहलीसोबत तमिळही राजभाषा झाली. सरकारी रुग्णालयात उपचार मोफत आहेत. पण नुवारा एलियाच्या चहामळ्यातली तमिळ बाई सिंहली डॉक्टरांपुढे बसते, तेव्हा दुभाषा कोण? वॉर्डातला एखादा कर्मचारी, नाहीतर तिचाच शाळकरी मुलगा. अंगावरून जास्त जातंय, हे मुलाच्या तोंडून ती कसं वदवणार? ‘पोट दुखतं’ म्हणून मोकळी होते आणि पोटदुखीची गोळी घेऊन परतते. (आमच्या ओपीडीतही हे घडतं, भाषा तेवढ्या वेगळ्या.) दोन्ही भाषा बोलणारे तिथे आहेतच. त्यांना आजारांचे शब्द आणि गुप्तता शिकवून पगारी पद द्यायला हवं. रात्रपाळीला फोनवरचा दुभाषाही चालेल; पण त्याच्याविना शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर अंगठा घेऊ नये.