भागधारकांचे कर्तव्य

सचोटीने वागणाऱ्या व्यापाऱ्याचे दिवाळे निघते, हा समज आपल्या समाजात इतका रुजला आहे की, फसलेले गिऱ्हाईकही तो बिनतक्रार मान्य करते. नागपूरचा अनुभव मात्र वेगळा आहे. जमशेटजी टाटांनी तेथे १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा मजुरांची गैरहजेरी ही मोठीच अडचण होती. जमशेटजींनी दंडाचा बडगा उगारला नाही. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ साली अपघाताच्या भरपाईची सोय त्यांनी केली. भरपाईचा कायदा या देशात होण्यास १९२३ साल उजाडावे लागले! हा सारा खर्च अखेर भागधारकांच्याच पदरातून जात होता. तरीही गिरणी भरभराटीस आली.

सद्वर्तनाने धंदा अमर होतो, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. हीच गिरणी पुढे डबघाईस येऊन १९८६ साली राज्याच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. परंतु शंभर वर्षांची कमाई ही काही थोडी नव्हे.

याउलट हैदराबादच्या सत्यम कंपनीचे उदाहरण पाहावे. उत्तम कारभाराबद्दल तिला २००८ साली पुरस्कार मिळाला होता. त्याच वर्षीच्या १६ डिसेंबरला अध्यक्षांच्या कुटुंबीयांशी संबंधित दोन कंपन्या विकत घेण्याचा ठराव संचालकांनी केला. भागधारकांनी असा गहजब केला की, काही तासांतच तो मागे घ्यावा लागला. बनावट मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता बसविण्याची ती अखेरची धडपड होती, अशी कबुली अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी दिली. हिशेबात दाखविलेले ५ हजार कोटींहून अधिक रुपये अस्तित्वातच नव्हते. जे पुरस्कार देणाऱ्यांस दिसले नाही, ते भागधारकांच्या विरोधामुळे उघडकीस आले.

अशी जागरूकता ठेवण्यास मुळात भागधारक म्हणून टिकावे लागते. आज असंख्य लोकांस वायदेबाजाराच्या झटपट नफ्याची भूल पडली आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्या बाजारातील १०० पैकी ९३ व्यक्तिगत सटोडियांनी पैसे गमावले, असे सेबीनेच २०२४ साली जाहीर केले. म्युच्युअल फंडांत पैसे ठेवणारे त्या मानाने शहाणे. त्यांच्या वतीने कंपन्यांच्या प्रत्येक ठरावावर मत देणे फंडांस एप्रिल २०२२ पासून बंधनकारक आहे आणि दिलेले मत प्रसिद्धही करावे लागते. तो तक्ता आजवर किती गुंतवणूकदारांनी उघडून पाहिला आहे?