सवलत मिळाली, शिकवायचे राहिले

अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र हाती आले की घर आणि शाळा दोघेही निर्धास्त होतात. परीक्षेत जादा वेळ मिळणार, लेखनिक मिळणार, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा होणार. या सवलती हक्काच्या आहेत. त्यांना कोणी हात लावू नये. पण लेखनिक मुलाचा पेपर लिहितो, त्याला लिहायला शिकवत नाही. ते शिकवणे एका शिक्षकाने एका मुलाशेजारी बसून करायचे काम आहे.

यावर शिक्षणक्षेत्रातली भली माणसे म्हणतात की अशी वेगळी शिकवणी मुलाला एकटे पाडते, समावेशक शिक्षणाच्या तत्त्वाला ती छेद देते. मला हे पटत नाही. फळ्यावरचे उतरवता येत नाही म्हणून मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेले मूल सर्वांत बसलेले असते, सामील झालेले नसते. उलट चुकले तरी हसायला कोणी नाही, अशा जागी ते पहिल्यांदा मोठ्याने वाचायला धजते.

आणि अडचण तरी सगळ्यांची एक कुठे असते? ‘किती’ हा एवढासा शब्द घ्या. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, दुसरी नंतर. कानाला मात्र दोन्ही स्वर व्यंजनानंतरच ऐकू येतात. एखादे मूल इथेच अडखळते. दुसऱ्याला ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे दिसत नाहीत. तिसऱ्याला ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरते, ते सांगता येत नाही. एडीएचडी असलेल्या एखाद्याला अक्षरे येतात, पण ओळ संपेपर्यंत लक्ष निसटते. एखादे स्वमग्न मूल धडा घडाघडा वाचते आणि गोष्टीतली मुलगी का रडली, हे विचारले की गप्प होते. या सर्वांना तोच धडा दहादा वाचायला लावणे म्हणजे शिकवणे नव्हे. साध्या ट्यूशनमध्ये नेमके हेच चालते, म्हणून नुसती ट्यूशन लावूनही भागत नाही. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून १९३०च्या दशकात जी पद्धत उभी राहिली, तिच्यात अक्षर पाहायचे, ऐकायचे, म्हणायचे आणि बोटाने गिरवायचे, हे सारे एकदमच करायचे असते. ती इंग्रजीसाठी घडली. मराठीत बाराखडी, रफार, जोडाक्षरे यांच्या क्रमाने ती नव्याने बसवावी लागते. त्यासाठी प्रशिक्षित माणूस हवा.

‘मोठा झाला की येईल वाचायला’ हा सल्ला तर सोडूनच द्यावा. त्यात हातची वर्षे जातात.

राहिला खर्च. हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असे म्हणणाऱ्यांचे एक निरीक्षण खरे आहे: खासगी विशेष शिक्षकाची फी अनेक घरांना झेपत नाही, आणि तालुक्याच्या गावी असा शिक्षक मिळणेच मुश्कील. पण यावरून ही शिकवणी अनावश्यक ठरत नाही, ती शाळेतच मिळायला हवी हे ठरते. कायदाही तेच सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापनाचे उपाय योजण्याची जबाबदारी शाळांवर टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे आणि पुढच्या इयत्तांत १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाणही ठरवून दिले.

तेव्हा पालकहो, सवलतीच्या अर्जावर थांबू नका. त्यासोबत मुख्याध्यापकांना लेखी विचारा: माझ्या मुलाशेजारी कोण बसणार, आठवड्यातून किती वेळा, आणि सुरुवात कुठल्या अक्षरापासून करणार? अर्जात कलम १६ चा उल्लेख करा आणि उत्तरही लेखीच मागा.